बेटांसाठी रांग लागली तर लागू द्या

सोलापूरकरांच्या सहलीचा नकाशा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत केवढा बदलला! पूर्वी तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर ही घरचीच ठिकाणं. लांब म्हणजे तिरुपती, रामेश्वर, फार तर काशी. मग सुट्टीत गणपतीपुळे आणि तारकर्ली सुरू झालं. आता दिवाळी जवळ आली की ट्रॅव्हलवाल्यांच्या जाहिरातींत अंदमान, बाली, फुकेत, मालदीव, मॉरिशस अशी बेटंच बेटं दिसतात. बरं, ही फक्त डॉक्टर-बिल्डर मंडळींची हौस राहिलेली नाही. भिशीचे पैसे उचलून अंदमानला जाऊन आलेली कुटुंबं आता गल्लोगल्ली आहेत. मला याचा आनंदच आहे. कोरड्या माळावर आयुष्य काढणाऱ्या माणसाने एकदा तरी तो निळा समुद्र डोळे भरून पाहावा.

पण एवढ्या माणसांना बेटच का हवं असतं, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्यापुढचा प्रश्न सुटणार नाही. तो प्रश्न सगळ्यांचा आहे: एखाद्या बेटावर एका वेळी किती माणसांनी जावं, हे कोणी ठरवावं की नाही? माझं मत आहे की ठरवावं, काटेकोरपणे ठरवावं, आणि त्यापायी आपला नंबर लागायला वर्ष-दोन वर्षं थांबावं लागलं तरी ठरवावं.

उन्हाला कंटाळून लोक बेटावर जातात, असं म्हणायची पद्धत आहे. ते पटत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो हे खरं, पण गारव्यासाठी महाबळेश्वर आहे, मनाली आहे. अंदमानात किंवा बालीत गारवा नसतो. अंगातून सारखा घाम निथळत असतो. तिथे माणूस जातो तो पाण्यासाठी. आणि नुसता समुद्रच हवा असता तर कोकण पुरेसं होतं. त्याला हवं असतं तळ दिसणारं पाणी.

हे पाणी तसं का असतं, याचं उत्तर फार सुंदर आहे. कोकणात डोंगरावरून नद्या धावत येतात आणि लाल माती, गाळ, कुजलेला पाला समुद्रात ओततात. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांच्यावर मासळी. म्हणून तिथलं पाणी हिरवट, करडं आणि मासळीने समृद्ध. लक्षद्वीप किंवा मालदीव ही प्रवाळाची, म्हणजे समुद्रातल्या चिमुकल्या जिवांनी रचलेल्या चुन्याच्या खडकाची बेटं. तिथे नदीच नाही, त्यामुळे गाळ नाही. उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्राच्या वरच्या थरात पोषणद्रव्यं मुळातच कमी असतात, म्हणून सूक्ष्म वनस्पतीही विरळ. ऊन खोलवर उतरतं आणि निळा रंग परत येतो. म्हणजे ज्या पाण्याला आपण स्वर्ग म्हणतो ते अन्नाच्या हिशेबात जवळजवळ उपाशी पाणी आहे. तिथला सगळा जीवसंसार प्रवाळांच्या कडेकपारीत एकवटलेला असतो. प्रवाळ मेले की त्या निळाईत पाहण्यासारखं फारसं काही उरत नाही.

पायाखालची पांढरी वाळूही प्रवाळांचीच. पोपटमासा नावाचा चोचीसारख्या दातांचा मासा प्रवाळाचा खडक कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना बारीक वाळू करून बाहेर टाकतो. प्रवाळबेटांच्या किनाऱ्यांवरच्या वाळूचा मोठा हिस्सा असा तयार होतो. किनाऱ्यापासून काही अंतरावर असलेली प्रवाळांची भिंत समुद्राच्या लाटा बाहेरच मोडते, म्हणून आतलं पाणी, म्हणजे लगून, तळ्यासारखं शांत आणि काठाशी कमरेएवढं उथळ राहतं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकलेली जुनी पिढी सोडली तर बहुतेकांना पोहता येत नाही. अशा माणसाला समुद्रात निर्धास्त उभं राहता येतं, पाण्यात डोकं घालून मासे पाहता येतात, ही केवढी मोठी गोष्ट! ती प्रवाळांच्या कृपेने मिळते. वाळू, निळाई, शांत पाणी, या तिन्ही गोष्टी प्रवाळ नावाच्या एका नाजूक जिवावर उभ्या आहेत. समुद्र नेहमीपेक्षा अंशभर जरी जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, तरी तो जीव पांढरा पडू लागतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये हा तडाखा सोसला आहे.

दुसरी ओढ पाण्याची नाही. ती अनोळखी असण्याची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही. सोलापूर कितीही वाढलं तरी ते ओळखीचं गाव आहे. पार्क चौकातून नवी पेठेपर्यंत चालत जा, चार जण थांबवून विचारतात, ‘कुठं चाललात?’ त्यात माया असते, आणि नजरही असते. नुकतं लग्न झालेलं जोडपं, सासरी एकत्र कुटुंबात राहणारी सून, आयुष्यभर साडीत शिकवलेल्या बाई, यांना त्या नजरेपासून चार दिवस सुटका हवी असते. कोकणच्या किनाऱ्यावर कपडे ओले होतील, कोणी पाहील म्हणून काठावर चपला सांभाळत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. अंदमानला त्याच बायका लाइफ जॅकेट चढवून बिनधास्त पाण्यात उतरतात. चहूबाजूंनी समुद्र असला की मागचं जग तिथवर पोचत नाही असं वाटतं. मला ही ओढ अगदी रास्त वाटते. बाईला मोकळं वाटायला हजार मैल दूर जावं लागतं, याचा विचार गावाने करावा.

मालदीवने हाच एकांत विकायला काढला. जवळजवळ बाराशे बेटांचा हा देश, त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे एक बेट, एक रिसॉर्ट असं धोरण ठरलं. स्थानिकांची बेटं वेगळी, पाहुण्यांची वेगळी. गावातल्या घरांत पाहुणे उतरवायची परवानगी खूप उशिरा, २००९च्या सुमारास मिळाली. यातून देशाला पैसा मिळाला आणि पाहुण्यांना एकांत मिळाला, हे मान्य. पण चार दिवस त्या देशात राहून तिथल्या एकाही घरात चहा न घेता माणूस परत येतो. माझ्या मते तो त्या देशात गेलेलाच नसतो.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक ओढ आहे. आपण अंदमानला जातो ते सेल्युलर जेलसाठी. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगात सावरकर १९११ ते १९२१ होते. त्यांच्या कोठडीसमोर हात जोडून उभ्या राहणाऱ्यांत मराठी बोलणाऱ्यांचा भरणा असतो. १९३० मध्ये ज्या सोलापूरने मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी ज्याचे चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले, त्या गावच्या माणसाला ती कोठडी परकी वाटत नाही. मॉरिशसचंही तसंच. आपले पूर्वज करारावर ऊसतोडीला तिथे गेले. त्यांच्या वंशजांनी मराठीपण इतकं जपलं की गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ज्या जिल्ह्यात चौफेर ऊस आणि साखर कारखाने, तिथल्या माणसाने मॉरिशसला जाऊन फक्त किनाऱ्यावर लोळून यावं, याचं मला वाईट वाटतं. बालीत देवळं आहेत, आणि पाटाचं पाणी शेतकऱ्यांनी देवळाच्या साक्षीने वाटून घ्यायची सुबक नावाची शेकडो वर्षांची पद्धत आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान दिला. आज त्याच भातखाचरांवर व्हिला उभे राहत आहेत, कारण पाहुण्यांना खोलीच्या खिडकीतून भातखाचर दिसायला हवं असतं.

एका जागी मात्र मला थांबून स्पष्ट बोललं पाहिजे. अंदमानच्या बहुतेक सहलींत बाराटांगची चुन्याची गुहा असते. तिकडे जाणारा रस्ता जारवा या तिथल्या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तरी गाड्यांचे ताफे सुरू राहिले. २०१२ मध्ये, खाण्याच्या बदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली आणि देशाची मान खाली गेली. जारवांची संख्या काही शेकड्यांत आहे, आणि बाहेरच्यांकडून आलेल्या गोवराच्या साथी त्यांनी १९९९ आणि २००६ मध्ये भोगल्या आहेत. गुहा सुंदर असेल. पण गाडीच्या काचेतून ‘दिसले का, दिसले का’ करत माणसं शोधायची सहल मला मान्य नाही. सोलापूरच्या प्रत्येक ट्रॅव्हलवाल्याने आपल्या कार्यक्रमातून बाराटांग काढून टाकावं, आणि आपणच ते सांगून काढायला लावावं.

आता गोड्या पाण्याबद्दल. आमच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला लवकर कळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

प्रवाळबेटावर नदी नाही, धरण नाही, खडकातला झरा नाही. पाऊस वाळूत मुरतो आणि हलकं असल्यामुळे ते गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भिंगासारखा हा थर, काही मीटर जाडीचा. त्यातून बेताने उपसलं तर विहिरीला गोडं पाणी मिळतं. जोरात पंप लावला की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. संडासाचे शोषखड्डेही त्याच वाळूत. लक्षद्वीपचं एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, छत्तीस बेटांपैकी वस्ती दहांवर, आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४,४७३. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजार माणसं आधीच आहेत. कवरत्तीला २००५ मध्ये खोल समुद्राच्या थंड पाण्याचा उपयोग करून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, तो दिवसाला एक लाख लिटरचा. एवढ्याचंही तिथे अप्रूप होतं. हॉटेलातला पाहुणा मात्र दोनदा शॉवर घेतो, रोज धुतलेले टॉवेल मागतो, आणि खोलीपुढे पोहायचा तलाव हवा म्हणतो, तोही समुद्र वीस पावलांवर असताना.

भरपूर पाऊस पडणाऱ्या अंदमानचंही हेच. आमच्या जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तिथे त्याच्या पाचपटीहून जास्त. तरीही राजधानीची भिस्त धानीखारी धरणावर, आणि उन्हाळ्यात तिथल्या रहिवाशांना नळाच्या पाण्यासाठी दिवसाआड किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी पिंप-बादल्यांत भरून ठेवणाऱ्या सोलापूरच्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. उजनी काठोकाठ भरली तरी नळ रोज येत नाही, हे ती वर्षानुवर्षं पाहत आली आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेमधल्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली, आणि एक लाखाहून अधिक लोकांचं पिण्याचं पाणी एका दिवसात बंद झालं. भारताने हवाई दलाच्या विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठवलं. सोळा महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. ती आमच्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-कुर्डुवाडी करत गेली. या दोन घटना मी नेहमी शेजारी शेजारी ठेवतो. एका ठिकाणी चारही बाजूंनी समुद्र, दुसऱ्या ठिकाणी चारही बाजूंनी भेगाळलेली शेतं, आणि दोन्हीकडे पाणी बाहेरून आलं तरच घरात चूल पेटणार. मालदीवच्या जाहिरातीतला पाण्यावरचा बंगला पाहताना मालेच्या रस्त्यावर बाटलीसाठी उभी असलेली माणसं आपल्याला आठवली पाहिजेत.

मर्यादा घातली की काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो. फिलिपिन्सचं बोराकाय हे जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं बेट. २०१७ मध्ये तिथे वीस लाखांहून जास्त पर्यटक आले. हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. शेवटी सरकारने एप्रिल २०१८ मध्ये सहा महिने बेटच बंद केलं, आणि उघडलं तेव्हा एका वेळी किती माणसं राहतील याचा आकडा ठरवून उघडलं. थायलंडची माया बे ही खाडी एका हॉलिवूड चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाली आणि बोटींच्या नांगरांनी तिथले प्रवाळ मोडून गेले. जून २०१८ मध्ये ती बंद झाली, २०२२च्या सुरुवातीला उघडली. आता बोटी आत येत नाहीत, मागच्या बाजूने उतरून चालत यावं लागतं, दरवर्षी पावसाळ्यात दोन महिने पुन्हा बंद. काळ्या टोकाच्या पंखाचे लहान शार्क तिथल्या उथळ पाण्यात परत आले. सहा महिने काय, साडेतीन वर्षं बंद ठेवली तरी लोक यायचे थांबले नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा. बेटं आमच्या पैशावर जगतात, आम्ही गेलो नाही तर ती खातील काय? आक्षेप खरा आहे. २०२० मध्ये करोनामुळे मालदीवने साडेतीन महिने सीमा बंद ठेवल्या आणि त्या वर्षी तिथली अर्थव्यवस्था एक तृतीयांशाने आकसली. बोराकाय बंद झालं तेव्हा हजारो कामगारांचा रोजगार गेला. पण म्हणूनच मर्यादा आधी हवी. मर्यादा नसलेलं बेट एक दिवस पूर्ण बंद करावं लागतं. आणि रिसॉर्टचा मालक परदेशी, दारू-मांस-भाजी आयात केलेली, बुकिंगचे पैसे तिसऱ्याच देशात, असं असेल तर माणसं दुप्पट झाल्याने बेटवासीयांची कमाई दुप्पट होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. मर्यादा म्हणजे भाडं वाढणार, भाडं वाढलं की श्रीमंतच जाणार. भिशीवाल्याने काय करायचं? जिथे किमतीने दार बंद केलं जातं तिथे हे अगदी असंच होतं, आणि त्याला माझा विरोध आहे. पण आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढीला दर्शनाची रांग गोपाळपुराच्या पुढे जाते. गाभारा तेवढाच, माणसं लाखो. तिथे कोणी गाभारा मोठा करा म्हणत नाही. माणूस रांगेत उभा राहतो, रात्र काढतो, नंबर आला की पायावर डोकं ठेवतो, आणि कोणी पैशाच्या जोरावर पुढे घुसला तर सगळी रांग चिडते. बेटांसाठी नेमकं हेच हवं: ठरलेला आकडा, नाव नोंदवायची सोय, सोडत, आणि पैसेवाल्याला वेगळं दार नाही. लक्षद्वीपला जायला आजही परवाना लागतो. त्या परवान्यात बीज आहे. तो कटकट म्हणून काढून टाकायचा की त्याला नीट रांगेचं रूप द्यायचं, हाच आजचा प्रश्न आहे.

कारण लक्षद्वीपवर डोळे लागले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रं आली, मालदीवशी वाद पेटला, आणि ‘मालदीव सोडा, लक्षद्वीपला चला’ अशी लाट उसळली. आपल्या देशातल्या बेटाचा अभिमान मलाही आहे. पण बाराशे बेटांच्या देशाची गर्दी बत्तीस चौरस किलोमीटरवर वळवायची, हे देशप्रेमाच्या नावाखाली केलं तरी पाण्याचा थर तेवढाच पातळ राहणार. २०२१ मध्ये नव्या विकास प्राधिकरणाच्या मसुद्याला तिथल्या लोकांनी विरोध केला होता, तो ऐकायला हवा होता. काथ्या, खोबरं आणि गळाने ट्यूना पकडणं यांवर जगणाऱ्या लोकांनीच आपल्या बेटावर किती पाहुणे झेपतील ते सांगावं. दिल्लीने नको, मुंबईच्या हॉटेल कंपनीने नको, आणि सोलापूरहून तिकीट काढणाऱ्या मीही नको.

२०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. इथून पुढे बेटं आणखी जवळ येणार, जाणारे वाढणार. तेव्हा ट्रॅव्हल ऑफिसात बसल्यावर ‘जेवण शाकाहारी ना?’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी काही प्रश्न विचारायला लागू या. हॉटेलचं पाणी कुठून येतं? सांडपाणी कुठे जातं? हॉटेल चालवणारे तिथलेच आहेत का? उत्तर माहीत नसेल तर फोन करून विचारायला लावू या. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या माहितीपत्रकात ते छापून येईल. सोलापूरच्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा लवकर कळते.

आणि पैसे द्यायची वेळ आली तर कुरकुर नको. बालीने फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांवर तिथल्या चलनात दीड लाख रुपियांचा कर लावला. आपल्या हिशेबात हजार रुपयांच्याही आत. लाखभराची सहल करणाऱ्याने तो जाचक म्हणू नये. उलट त्या रकमेतून किती सांडपाणी शुद्ध झालं, किती कचरा उचलला गेला, किती सुबक वाचले, याचा हिशेब दरवर्षी जाहीर करा, असं आपण पाहुण्यांनीच तिथल्या सरकारकडे मागावं. लक्षद्वीपच्या परवान्याबरोबर असा कर आला तर तोही द्यावा, आणि त्याचा पहिला रुपया कवरत्ती, अगत्ती, मिनिकॉयच्या घरांतल्या नळाला पाणी यायला खर्च व्हावा.